डोंगराएवढा नाग आणि २२ फुटांची भिंत

बायांनो, ऐकताय ना? शेतात असाल तर बांधावर टेका, चुलीपाशी असाल तर आच जरा कमी करा. आम्ही पारोळ्याच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आहोत अकरा जणी, पण या खोलीत माइकसमोर चारच मावतात. बाकीच्या बाहेर व्हरांड्यात बसून, आम्ही काही चुकीचं सांगतोय का यावर कान ठेवून आहेत.

मागच्या खेपेला आम्ही बिबड्यांच्या पिठाबद्दल बोललो होतो. आज बोलायचं आहे एका नागाबद्दल. साधासुधा नाही, पंख असलेला, तोंडातून जाळ काढणारा, डोंगराएवढा. मुलं त्याला ड्रॅगन म्हणतात. तो आम्ही भिंतीवर काढला. आधी फसला, मग जमला. कसा फसला आणि कसा जमला, तेवढंच सांगतो.

झालं असं, की एका शाळेत मुलांसाठी पुस्तकांची खोली तयार झाली. बाहेरची भिंत मोकळी होती, २२ फूट लांब आणि ९ फूट उंच, मधोमध दार. संक्रांतीला आणि दिवाळीला आमच्यातल्या तिघी-चौघींच्या रांगोळ्या बघायला गल्ली लोटते, हे शाळेच्या मोठ्या सरांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "भिंत रंगवाल का? रंग तुमचा, मजुरी ७,००० रुपये." आम्ही हो म्हणून बसलो. गटाच्या पेटीतून ३,२०० रुपये काढून रंग आणला. त्याच पेटीकडे दोघी जणी कर्जासाठी डोळे लावून बसल्या होत्या. एकीला शिलाई मशीन घ्यायचं होतं, एकीला पोराची फी भरायची होती. त्यांना म्हटलं, "पंधरा दिवस थांब माय, दुप्पट करून देतो." हे वाक्य नंतर आम्हाला फार महाग पडलं.

चित्र कसलं काढायचं ते मुलांनी ठरवलं. आम्ही म्हटलं मोर काढू, फुलं काढू, गाडगेबाबा काढू. मुलं ऐकेनात. त्यांच्या बाईंनी त्यांना एका इंग्रजी गोष्टीतला ड्रॅगन मराठीत करून सांगितला होता. सगळ्यात मोठा, काळा, त्याचं नाव अँकॅलगॉन. नाव उच्चारताना आमची जीभ तीनदा अडखळली, मुलांची एकदाही नाही.

मे महिना. पारोळ्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दहा वाजता भिंतीला हात लावला तर तवा. रंग ब्रशवरच सुकायचा. म्हणून सकाळी सहाला जायचं आणि दहाला उतरायचं. परांची नव्हती, दोन शिड्या आणि मधे फळी. सात जणी लागल्या होत्या. त्या चार दिवसांत कापूस टोबायची मजुरी बुडाली, तीही धरा.

आम्ही काय केलं? भिंत मोठी, नाग मोठा, तर नाग भिंतभर काढू. या टोकाला शेपटी, त्या टोकाला तोंड. चार पाय, पाठीवर पंख, अंगभर खवले. दार मधे येत होतं, तर पोट दाराच्या वरून नेलं. काळा, हिरवा, तोंडातून लाल-पिवळा जाळ. चौथ्या दिवशी खाली उतरलो आणि मागे सरकून बघितलं. कोणी काही बोलेना. तेवढ्यात सायकलवरून एक पोरगा आला, थांबला, एक पाय जमिनीवर टेकवून बघत राहिला आणि म्हणाला, "हाई ते घोरपड शे!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं आम्हाला बघून जीभ आत-बाहेर करायला लागली. मोठे सर चांगले होते, हसले नाहीत. फक्त म्हणाले, "शाळा उघडायच्या आत बघा काही जमतंय का. नाहीतर मी पेंटरला बोलावतो." म्हणजे मजुरी गेली, रंग गेला, आणि पेटीही रिकामी. शिलाई मशीनवालीने त्या आठवड्यात आमच्याशी बोलणं टाकलं. तिचं काही चुकलं नाही.

आमचं कोडं एवढंच होतं. २२ फूट काही कमी नाही. जिवंत अजगरसुद्धा एवढा क्वचित होतो. मग आमचा नाग घोरपडीएवढा का दिसतो?

आमच्यातल्या एकीची नात अकरावीत आहे. चित्रं काढते, वाचतेही भरपूर. तिने मोबाइलवर शोधून आधी त्या अँकॅलगॉनची माहिती सांगितली. त्याची गोष्ट लिहिणारे टॉल्किन नावाचे इंग्रज लेखक, ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. ते १९७३ साली वारले. त्यांच्या मुलाने वडिलांच्या कागदांतून 'द सिल्मरिलियन' नावाचं पुस्तक तयार करून १९७७ साली छापलं. त्यात हा नाग थोड्याच ओळींत येतो आणि जातो. आकाशातून चालणाऱ्या जहाजात बसलेला एक वीर त्याच्याशी लढतो, मोठमोठे गरुड त्याच्या मदतीला येतात, नाग मरून खाली पडतो आणि त्याच्या पडण्याने डोंगराची शिखरं मोडतात. गरुडाचं नाव ऐकून आमची सगळ्यात थोरली आक्का एकदम सरसावली. "बघा! तिथेही गरुड आलाच!" कालिया नाग तरी यमुनेच्या डोहात का लपला होता? गरुडाच्या भीतीने. आक्कांचं म्हणणं, नाग म्हटलं की गरुड लागणारच, इंग्रज असो नाहीतर आपला.

पण फूट किती, हात किती, ते लेखकाने कुठे दिलेलं नाही. पडला तेव्हा शिखरं मोडली, एवढंच माप. म्हणून जगभर जो तो त्याला आपापल्या मनासारखा मोठा काढतो.

नातीने मग त्याच लेखकाची दुसरी गोष्ट सांगितली, आणि आमच्या जिवात जीव आला. १९३७ साली त्यांचं 'द हॉबिट' नावाचं पुस्तक निघालं. त्यात स्मॉग नावाचा ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर पसरलेला असतो, आणि एक बुटका माणूस चोरपावलांनी त्याच्यापाशी जातो. त्याचं चित्र लेखकाने स्वतःच्या हाताने रंगवलं. आणि पुढच्याच वर्षी एका पत्रात स्वतःच कबूल केलं, की चित्रातला तो बुटका माणूस फारच मोठा निघाला. ज्याने नाग मनातून जन्माला घातला, त्याचंही माप चुकलं! आणि चूक कुठे झाली? नागात नाही, शेजारच्या माणसात.

हे ऐकल्यावर आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जिनिंगमधला कापसाचा ढीग आठवा."

बायांनो, तुम्हीही आठवा. खानदेशात कापसाचा ढीग न पाहिलेली बाई सापडायची नाही. लांबून बघितला तर ढीग केवढा आहे ते कळतच नाही. पांढरं काहीतरी दिसतं. आणि मग दिसतं, वर कावळ्याएवढं काहीतरी हलतंय. तो माणूस असतो. त्या क्षणी ढीग डोंगर होतो. ढीग तेवढाच आहे, काही वाढला नाही. माणूस दिसला, एवढंच.

मग आम्ही आमच्या भिंतीकडे नव्या नजरेने बघितलं. आमच्या नागाशेजारी काय होतं? दार! खरं, सात फुटांचं लाकडी दार, ज्यातून माणूस आत जातो. कोणाचाही डोळा आधी दारावर जाणार, दार केवढं असतं ते त्याला पाठ आहे, आणि मग तो नाग मोजणार. तीन दारं लांब. तीन दारं लांब जनावर म्हणजे मोठी घोरपडच की! पोरगा खोटं बोलला नव्हता.

आता इथे थोडं थांबून आपल्या घरातल्या चित्राचं सांगतो, कारण त्यावरून आमच्यात मोठा वाद झाला. श्रावणात आपण बाजारातून जिवतीचा कागद आणतो. मधे लेकरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, वर नरसिंह आणि कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, खाली बुध-बृहस्पती. महिनाभर तो कागद समोर असतो, लेकरांच्या आयुष्यासाठी आपण त्याची पूजा करतो, पण चित्र म्हणून तो किती जणींनी बघितला असेल? आम्ही तरी पहिल्यांदाच बघितला. भागवतात कालियाला १०१ फणे सांगितले आहेत, त्याच्या विषाने वरून उडणारे पक्षी मरून पडायचे. आणि कागदावर? कृष्णाच्या पायाखाली पाटासारखा. एकीने म्हटलंच, "यापेक्षा आमच्या शेतात निघाला होता तो मोठा."

वाद असा झाला, की मग जिवतीचं चित्र चुकलं का? आक्का म्हणाल्या, चुकलं नाही. तिथे माप फुटाने नाही, मानाने आहे. देव मोठा म्हणून मोठा काढला, नाग हरला म्हणून लहान झाला. नागपंचमीला आपण भिंतीवर नाग काढतो, तो बोटभर असला तरी त्या दिवसापुरता घरातला सगळ्यात मोठा असतो. त्याच्यासाठी तवा उतरवतो, विळी बाजूला ठेवतो.

गटाची सहल अजिंठ्याला गेली होती, ते एकीला आठवलं. तिथे २६ नंबरच्या लेण्यात बुद्ध कुशीवर आडवे झालेले आहेत, परिनिर्वाणाची मूर्ती, सुमारे सात मीटर लांब, आणि खालच्या बाजूला शोक करणारी माणसं बाहुल्यांएवढी कोरलेली आहेत. आपण आत गेल्यावर एकदम हळू बोलायला लागतो, ते त्या मूर्तीच्या लांबीमुळे की त्या छोट्या रडणाऱ्या माणसांमुळे? आम्हाला वाटतं, दोन्हींमुळे. १९ नंबरच्या लेण्याबाहेर नागराजा आणि त्याची राणी बसलेली आहेत. राजाच्या डोक्यामागे सात फणे, राणीच्या मागे एक. मान तिथेही मोजूनच दिलेला आहे, पण तो विषय वेगळा, त्यावर एखाद्या दिवशी बोलू.

मग आमच्या हाती लागले दादासाहेब फाळके. नाव सगळ्यांना माहीत आहे, त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. पण त्यांनी १९१९ साली नाशिकला 'कालिया मर्दन' काढला, हे आम्हाला नव्हतं माहीत. त्याचा बराच भाग टिकला आहे, पुण्याच्या फिल्म संग्रहालयाने जपला आहे. आम्ही तो नातीच्या मोबाइलवर, शाळेच्या निंबाखाली, एकमेकींच्या खांद्यावरून माना काढून बघितला. आवाज नाही, मूकपटच तो. पण एवढ्या बाया बघत असल्यावर आवाजाची काय कमी!

फाळके आधी चित्रकला शिकलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी केली, जादूचे प्रयोग केले, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठीही काम केलं. म्हणजे देवादिकांचे छापील कागद कसे होतात, हे त्यांना आतून ठाऊक होतं. त्यांच्यापुढे आमचाच प्रश्न होता. कालिया मोठा दाखवायचा. कागदावर तरी कल्पना चालते, इथे तर सगळं खरोखर उभं करून कॅमेऱ्यासमोर ठेवायचं. आज बघितलं तर तो बनवलेला नाग आहे हे कोणालाही कळतं. तरी पाण्याखालच्या झुंजीत आमच्यातल्या दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

का धरले? आम्ही ते दोनदा पुन्हा लावून बघितलं. कृष्ण कोण झालंय बघा. फाळक्यांची स्वतःची लेक, मंदाकिनी! एवढीशी पोर. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिचा चेहरा जवळून दाखवला आहे, हसते, रागावते, भाव बदलते, म्हणजे आधीच कळतं की हे एक लेकरू आहे. आणि मग तेच लेकरू नागाशी भिडतं. तोच नाग, तीच लांबी, पण त्याच्यावर मोठा माणूस कृष्ण होऊन उभा राहिला असता तर नाग निम्मा झाला असता. जिवतीच्या कागदावर कृष्ण मोठा आणि नाग लहान. फाळक्यांनी पोर लहान ठेवली, म्हणून नाग मोठा झाला, आणि नाग मोठा झाला म्हणून पोरही मोठी झाली. आम्हाला तरी असं वाटलं.

आता फाळक्यांचं निघालंच आहे तर सरस्वतीबाईंचं सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही, मोठे सर आणि रेडिओवाले भाऊ घड्याळ बघत असले तरी. सरस्वतीबाई म्हणजे फाळक्यांच्या पत्नी. पहिल्या चित्रपटाच्या वेळी नवऱ्याने विम्याचे कागद गहाण टाकले, हिने दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक ही करायची. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभी राहायची, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. रात्री सगळे झोपले की फिल्मच्या पट्टीच्या कडेला भोकं पाडत बसायची, ती धुण्याची औषधं कालवायची. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा नवऱ्याने हिलाच विचारलं. सांगतात की ही म्हणाली, बाकीची कामं मग कोण करणार? शेवटी तारामती एका पुरुषाने केली. हे ऐकताना आमच्यातली एक जण ब्रश धूत होती. ती म्हणाली, "चादर धरणं ही काय सोपी गोष्ट आहे का? मेच्या उन्हात धरून बघा म्हणावं." बस, पुढे जातो.

तर आता नवा नाग. या वेळी ब्रश हातात घ्यायच्या आधी तीन संध्याकाळी नुसतं बोलत बसलो, आणि वहीच्या कागदावर २२ इंच बाय ९ इंचांची चौकट आखून त्यात काढलं. एक इंच म्हणजे एक फूट. इंचाइंचाचे चौकोन पाडले. भिंतीवर गेरूत भिजवलेली सुतळी ताणून झटका मारला की सरळ रेघ उठते, मिस्त्री लोक करतात तशी. फूट-फुटाचे चौकोन पाडले, आणि कागदावरच्या चौकोनात जे आहे ते भिंतीवरच्या त्याच चौकोनात. रांगोळीच्या ठिपक्यांचंच हे मोठं भावंडं. तुम्हाला एक दिवसात जमेल.

पहिला निर्णय: सगळा नाग दाखवायचा नाही. यावर फार वाद झाला. पोटाचे पैसे दिल्यावर पोट दिसायला नको का? पण विचार करा, अंधारात घराबाहेर काही खसफसलं तर भीती कधी जास्त वाटते? दिसतं तेव्हा की दिसत नाही तेव्हा? शेपटी आम्ही भिंतीच्या डाव्या टोकाला बाहेर निघून गेलेली दाखवली. मधलं अंग काळ्या ढगात. एक पंख वर कडेला तुटल्यासारखा, म्हणजे पुढे तो आकाशात किती गेलाय ते तुम्हीच ठरवा. तोंड उजवीकडे खाली वाकलेलं.

दुसरा निर्णय दाराचा. दार दिसलं की नाग मेला. म्हणून दार आणि चौकटही त्याच रंगात रंगवली आणि खवले त्यावरून नेले. बंद असलं की कळत नाही तिथे दार आहे. मोठ्या सरांची परवानगी काढायला दोघी गेल्या आणि हसत परत आल्या. ते म्हणाले होते, "मुलं नागाच्या पोटातून पुस्तकांकडे जातील, जाऊ द्या."

तिसरी गोष्ट अंगाची. पहिल्या वेळी पंख आम्ही मोराचे लावले होते. चूक. किल्ल्याच्या पडक्या भागात संध्याकाळी वटवाघळं निघतात, त्यांचे पंख नातीने नीट बघायला सांगितले. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच आहे. लांब-लांब बोटं, आणि बोटांमधे ताणलेलं कातडं, छत्रीच्या काड्यांवर कापड असतं तसं. असा पंख काढला की तो अंगाला चिकटवल्यासारखा वाटत नाही, अंगातून निघाल्यासारखा वाटतो. डोळा सापाचा घेतला. सापाला पापणी नसते, त्यामुळे तो सतत बघत असतो असं वाटतं. डोळ्याला आकार हवा म्हणून पिठाची परात भिंतीवर उलटी धरून खडूने गोल मारला. ज्या घरची परात, तिच्या सासूला अजून सांगितलेलं नाही. आता रेडिओवर ऐकतील.

आणि खवले! पहिल्या नागाला आम्ही सगळे खवले एकाच मापाचे काढले होते, म्हणून ते फरशीसारखे दिसत होते. आता तोंडाजवळ, म्हणजे आपल्याजवळ, मोठ्या बाईच्या बांगडीएवढा खवला. मधे लेकराच्या बांगडीएवढा. शेपटीकडे रुपयाएवढा, आणि शेवटी नुसते ठिपके. बांगडी रंगात बुडवून भिंतीवर दाबायची, अर्धा गोल उठतो. काचेची नको, प्लास्टिकची घ्या. शिवाय लांब जाताना रंगात पांढरा मिसळत गेलो. यावल-चोपड्याच्या बाजूने सातपुडा बघा. जवळ गेलात तर हिरवा-तपकिरी, लांबून धुरकट निळा. डोंगर एकच. लांबचं फिकं दिसतं. शेपटी आम्ही तशी धुरकट केली, आणि ती मैलभर मागे गेली.

शेवटचा दिवस आम्ही राखून ठेवला होता छोट्या गोष्टींसाठी. आमचा पारोळ्याचा किल्ला, १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असं सांगतात, तो नागाच्या मानेखाली काढला. तटबंदी, बुरूज, बाजूचा खंदक, सगळं मिळून हातभर. किल्ल्याच्या वाटेवर एक बैलगाडी, तीन इंचांची. आणि गाडीच्या मागे डोक्यावर दोन हंडे घेऊन चाललेली एक बाई, बोटाच्या पेराएवढी. ती कोणी काढायची यावर भांडण झालं. शेवटी शिलाई मशीनवालीला बोलावलं. ती आली, कोणाशी बोलली नाही, शिडीवर न चढता खाली बसूनच अर्ध्या तासात ती बाई काढून दिली. लुगड्याचा काठसुद्धा लाल काढला, एका केसाएवढ्या रेघेत. मग उठून म्हणाली, "हंडे मोठे झाले जरा." आणि ब्रश धुवायला गेली. तेव्हापासून बोलते.

तो सायकलवाला पोरगा? आला की. थांबला, पाय टेकवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग सायकल टेकवून भिंतीपाशी गेला आणि बैलगाडी बोटाने मोजायला लागला. आठवीत आहे, गणितात हुशार. त्याने तिथेच मातीत गणित मांडलं. बैलांसकट गाडी १८ फूट धरू. चित्रात ती तीन इंच. म्हणजे चित्र ७२ पट लहान. भिंत २२ फूट. बावीस गुणिले बहात्तर, एक हजार पाचशे चौऱ्याऐंशी. "दीड हजार फुटांच्या वर जाई ऱ्हायना, आणि हा तर निस्ता दिसतो तेवढाच!" असं म्हणून त्याने वर पंख जिथे संपला तिथे बघितलं.

नातीने त्याला आणखी एक सांगितलं. गुजरातमध्ये कच्छमधल्या पानंध्रोच्या कोळशाच्या खाणीत एका सापाचे दगड झालेले मणके सापडले. रुरकीच्या आयआयटीच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली ते जाहीर केलं. पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा साप, अंदाजे ११ ते १५ मीटर लांब, आणि त्याचं नाव ठेवलं वासुकी. म्हणजे ३६ ते ४९ फूट. आमच्या भिंतीवर खरा वासुकीसुद्धा मावला नसता. पोरगा म्हणाला, त्याचीही भिंत करा. आम्ही म्हटलं, आधी हिचे पैसे येऊ देत.

पैसे आले. दोन हप्त्यांत आले, पण सगळे आले. दुसऱ्यांदा रंग लागला त्यात ९०० रुपये वरून गेले, शिवाय आठवड्याची रोजंदारी. दुप्पट वगैरे काही झालं नाही. शिलाई मशीन या महिन्यात येतंय, फीवालीला अर्धे दिलेत.

तुम्ही करणार असाल तर एक सांगून ठेवतो, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत भिंत ओल धरते. आम्ही थेट रंग दिला. पहिल्या पावसात खालच्या बाजूला फुगे आले, आणि आता पोपडे निघतायत. नागाला काही झालं नाही, तो वर आहे. पण खंदक गेला, आणि बैलगाडीचं एक चाक गेलं. आधी खरवडून, वाळवून, ओल अडवणारा थर देऊन मगच रंग द्या. येत्या रविवारी आम्ही तेच करायला जातोय. हंडेवाली बाई शाबूत आहे. तिच्याभोवती कागद चिकटवून मगच खरवडायचं असं ठरलंय, आणि ते काम तिलाच दिलंय जिने ती काढली.

पुढच्या खेपेला ज्वारीच्या भिजवणीबद्दल बोलू, बऱ्याच जणींचे निरोप आलेत. येतो आम्ही. राम राम.